झटकेबाबाचा नाग

आष्टीकडच्या त्या वाडीवर दर गुरुवारी झटकेबाबाचा उपचार बघायला एवढी गर्दी लोटायची की आश्रुबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. सगळ्यांचे डोळे मात्र एकाच ठिकाणी, खाटेवर उताण्या पडलेल्या आश्रुबाच्या पायावर.

"मणक्यात नाग बसलाय!" झटकेबाबा गरजला. "उठ रं नागा, शेपूट हलव!" आणि त्यानं आश्रुबाचा चवडा झटक्यात वर दाबला. काय सांगावं! मेला म्हणून सोडून दिलेला तो पाय थडथडा उडायला लागला.

"हालला गं बाई, हालला!" म्हाताऱ्या केशरबाईनं हात जोडले.

"पायाला समजलं का लेकरा?" बाबानं विचारलं.

आश्रुबानं बायकोकडं, सत्यभामेकडं बघितलं. "समजलं की," तो म्हणाला.

सत्यभामा रडता रडता हसली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजतात. गेल्या हंगामात मोळ्या रचताना आश्रुबा ट्रॉलीवरून पाठीवर पडला आणि तिचा कोयता अर्धाच राहिला. दवाखान्यानं सांगितलं, पाय परत येणं अवघड. ते तिच्या गळी उतरेना. बाबा म्हणाला, "पोळ्याच्या आत चालंल." हे मात्र लगेच उतरलं.

बाबाची अट एकच. "कूस बदलायची न्हाई. पाठ हालली की नाग डसंल." सत्यभामेनं ती जिवापाड पाळली. काही दिवसांनी खाटेला वास यायला लागला. "विष बाहेर पडायलंय, पेढे वाटा!" बाबा म्हणाला. वा रे पठ्ठ्या! उद्या घर पेटलं तरी म्हणेल, बघा कसा उजेड पडला.

पुढच्या गुरुवारी आश्रुबाला हुडहुडी भरून ताप चढला. सत्यभामेचा दीर लखन घाबरला आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर पंचशीलाबाईंना घेऊन आला. अंगणात बाबाचा कार्यक्रम रंगात आला होता. बाई गर्दीतून सरळ खाटेपाशी गेल्या.

"आधी याला कुशीवर घ्या."

"नाग डसंल!" बाबा ओरडला.

"डसू द्या. मला डसंल."

लखननं आणि बाईंनी आश्रुबाला वळवलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम, आत पांढरं हाड. सत्यभामेनं पदर तोंडात कोंबला.

"विष न्हाई हे ताई. एकाच जागी दाबून मांस सडलंय. दुसरा कुणी असता तर बोंबलला असता. यांना कळतच न्हाई."

"कळतं की! पाय हालतोय न्हवं?" सत्यभामा म्हणाली.

बाईंनी ना मंत्र म्हटला, ना अंगारा फुंकला. चवडा तसाच वर दाबला. पाय तसाच उडाला. मग त्यांनी केशरबाईला दाबायला लावला. तिच्याही हाताखाली उडाला!

"केशरआजी, तुमच्या अंगात कवा आले बाबा?"

लोक हसले. केशरबाई हात झटकत मागं सरली.

"मेंदूचा हुकूम मणक्यातल्या दोरीतून पायाला जातो," बाई म्हणाल्या. "तिला मज्जारज्जू म्हणतात. कुणी झाडावरून पडतं, कुणी विहिरीत, कुणाला गाडी उडवते, कुणाचा मणका क्षयानं खचतो. दोरीला मानेत इजा झाली तर हातपाय दोन्ही जातात, पाठीत झाली तर पाय. अर्धवट इजा असली तर थोडं कळतं, थोडं हलतं, सुधारायला वाव असतो. पुरती झाली तर मेंदूचा हुकूम खाली पोचतच न्हाई. पण खालचा तुकडा जिता असतो. पोटरी ताणली की तो मेंदूला न विचारता पायाला झटका देतो. हाच तुमचा नाग." त्या लखनकडं वळल्या. "पडल्या पडल्या पायाचा अंगठा हालत होता का?"

"हालत व्हता की! म्हणून तर मोटरसायकलवर दोघांच्या मधी बसवून नेला. मागून मीच धरलतं."

 बाई हळूच म्हणाल्या, "मोडका मणका वाकला की उरलेली दोरीबी चिरडते. तसंच झालं, हे आता छातीठोक सांगता येणार न्हाई." 

बाईंनी आश्रुबाच्या डोळ्यांवर गमजा टाकला. "सांगा, कुठला पाय धरलाय?"

"डावा," तो चाचरत म्हणाला.

बाईंचे दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर होते.

"अवो," सत्यभामा म्हणाली, "तुमी तर म्हणलते, समजतंय म्हणून."

"काय करू? तू लई दिसांनी हसलतीस."

सत्यभामा खाटेची कड धरून ओक्साबोक्शी रडली. तेवढ्यात झटकेबाबा मागच्या दारानं सटकायला बघत होता, तर पोरांनी त्याला धरून ठाण्यात नेलं. आश्रुबाला बीडला नेलं. पण जखमेचा जंतू रक्तात गेला होता, आणि पोळा यायच्या आत माणूस गेला.

मंडळी, पाय गेलेली माणसं जगतात, चाकाच्या खुर्चीत बसून दुकान चालवतात, लेकरं वाढवतात. कुणी उंचावरून पडलं तर त्याला बसवू नका, वाकवू नका. मान-पाठ सरळ ठेवून फळीवर घ्या आणि दवाखान्याची गाडी बोलवा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. आणि कुणी मेलेला पाय उडवून दाखवला तर आधी रोग्याचे डोळे झाका आणि विचारा, कुठला पाय धरलाय.

पुढच्या हंगामात सत्यभामा भावाच्या टोळीत मोळ्या बांधायला गेली. तिथं एका बाईनं विचारलं, "मणक्यानं गेला का गं मालक?"

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. "मी कुशीवर घेतलं न्हाई, म्हणून गेला."