दगडांची उतरंड

आमच्या टेकडीकडे कुत्रंही फिरकत नाही. बघायला आहे काय? खडक, खुरटं गवत आणि मध्येच माणूस गिळणारी दलदल. माथ्यावर पाऊस मोजायचं यंत्र आहे, त्याच्या नोंदींवर दादा आणि मी पोट भरत होतो.

आमचा एक नियम होता. आधी वर जाणाऱ्याने दलदलीच्या तिन्ही वळणांवर पक्की वाट दाखवणारी दगडांची उतरंड रचायची, शेवटी उतरणाऱ्याने ती पाडायची. खुणा राहिल्या तर कुणी हौशी चढायचा आणि नसती आफत ओढवायची.

त्या दुपारी दादाची काठी पायथ्याच्या खोलीच्या दाराशी दिसली. दादा काठीशिवाय चढत नाही, म्हणजे उतरलाच, असं मी ठरवून टाकलं. उतरंडी मात्र उभ्याच! "विसरभोळा कुठला," असं पुटपुटत मी तिन्ही पाडून आलो. एक हाक मारली असती तर माझं काय गेलं असतं? दादा वरच होता, काठी खाली विसरून. मग धुकं उतरलं. तो सापडला तिसऱ्या दिवशी, दलदलीत. सगळे म्हणाले, धुक्याने घात केला. मीही तेच म्हणालो.

आज वहिनी म्हणाली, "भावोजी, मला एकदा वर न्या."

चढताना मी दगड रचत गेलो, ती एकेक हातात देत गेली. नियमही सांगितला.

"इतकं सोपं? मग यांना दगड दिसले कसे नाहीत?"

मी पुढचा दगड मागितला.

"ते म्हणायचे, धाकटा आहे तोवर मला घोर नाही."

माथ्यावर पोचल्यावर माझ्याने राहवलं नाही. काठीपासून सगळं सांगून टाकलं. तिने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"माप घ्या तुमचं," म्हणाली आणि एकटीच उतरायला लागली.

माप दोनदा चुकलं. डोळे पुसून तिसऱ्यांदा घेतलं, तोवर धुक्याने सगळं झाकलं होतं. चाचपडत वरच्या वळणाशी आलो. पायाला दगड लागले. सगळे इतस्ततः पसरलेले.

शेवटी उतरणाऱ्याने पाडायचे, हे मीच तिला शिकवलं होतं. तिच्या लेखी वर कुणीच उरलं नव्हतं.

"वहिनी!" मी हाक मारली. ओ आली नाही. मग मी तिथेच बसलो.