खरी वादक पाहिजे

नाटकवाले तिला ‘व्हायोलिनवाली’ म्हणत आणि वादक मंडळी ‘नाटकवाली’. दोन्ही घरची पाहुणी, पण पाहुणचार कुठेच नाही. मालिकांमध्ये नायिकेची थोरली जाऊ आणि वाद्यवृंदात मागच्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची, यात तिची वीस वर्षं गेली. तिचे बाबा व्हायोलिन शिकवायचे. तोंडाला रंग लागला तेव्हाच पोरीचा हात गेला, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

मग तिला चित्रपट मिळाला. भूमिका चक्क व्हायोलिनवादक बाईची. तिनं लगेच फोन केला, “बाबा, यात मीच वाजवणार आहे.”

“बघू,” बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं आलं हेही खूप होतं. आता एकदा त्यांनी ऐकलं आणि हात शाबूत आहे म्हटलं, की तिला जग जिंकल्यासारखं झालं असतं.

पहिल्याच दिवशी तिनं जीव ओतून वाजवलं. दिग्दर्शकानं मान हलवली, पण आडवी. म्हणाला, “तू वाजवतेयस, पण वाजवतेयस असं वाटत नाही.” खरे वादक केस उडवतात, डोळे मिटतात, खांद्यापासून गज फिरवतात, असं त्याचं म्हणणं. हे खरे वादक त्यानं कुठे पाहिले होते, देव जाणे. तिनं माश्या हाकलाव्यात तसा गज फिरवला. दिग्दर्शक खूश झाला. ध्वनिमुद्रकानं मात्र कानांवरचे हेडफोन काढून ठेवले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं, की आवाजासाठी खरी वादक आणायला हवी.

संगीत संयोजकानं आपल्या ओळखीतली सगळ्यात भरवशाची वादक बोलावली. ती हीच. पडद्यावरची बाई आणि दारातली बाई एकच, हे कळल्यावर तो हसून हसून खुर्चीत बसला आणि ते सांगायला उत्साहानं निर्मात्याकडे गेला. निर्माता हसला नाही. नटी स्वतः वाजवते हे लोकांना थापच वाटेल, असं त्यानं बजावलं, आणि कुणालाही, अगदी घरीसुद्धा, काही सांगणार नाही अशा कागदावर तिची सही घेतली. पडद्यावरच्या त्या माश्या हाकलणाऱ्या हाताकडे बघत तिनं सगळं स्वतःच वाजवलं. जाहिरातीत छापून आलं, ‘वादन: नाव न सांगणारी एक थोर कलावंत’.

समीक्षकांनी कौतुक केलं. वादन स्वर्गीय, पण नटीनं आयुष्यात व्हायोलिन धरलेलं नाही हे आंधळ्यालाही दिसेल. निदान त्या थोर कलावंताकडे चार महिने शिकायला जायचं होतं, असं एकानं लिहिलं. तिला हसू आलं आणि रडूही.

बाबा चित्रपटाला आले, पण ते बघेचनात. पहिला सूर लागताच त्यांनी डोळे मिटले, ते दिवे लागेपर्यंत उघडले नाहीत. तिला वाटलं, झोपले. त्यांनीही जाहिरात वाचली होती. आपण नुसती फुशारकी मारली असंच ते समजणार, याची तिला खात्री पटली.

बाहेर पायऱ्या उतरताना त्यांनी तिचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

“तुमच्या त्या थोर बाईला सांग,” ते म्हणाले, “हात चांगला राहिलाय. पण करंगळी अजून घाईनं पडते. सात वर्षांची होती तेव्हापासून सांगतोय.”