गणूचं अर्धं बोट

पनवेलच्या मच्छीबाजाराच्या मागे कुमार पेंटरचं दुकान होतं आणि तिथे माणसांची धडं तयार मिळत. डोकं तेवढं गिऱ्हाइकाने आणायचं, तेही फोटोतलं. भिंतीला टेकून कॅनव्हास उभे असत: कोटातले पुरुष, हिरव्या नऊवारीतल्या बायका, मानेच्या वर मात्र सगळ्यांना नुसता राखाडी रंग. घरात कोणी गेलं की लोक फोटो घेऊन धावत येत. तेराव्याच्या आत चेहरा बसवून हवा असे, आणि कुमार बसवून देई. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या गेल्या, पुढाऱ्यांचे वाढदिवसही गेले. मेलेले तेवढे कुमारशी एकनिष्ठ राहिले.

यात काही गैर आहे असं त्याला वाटत नसे, कारण त्याच्या पाठीशी इंग्लंड होतं. खांदा कॉलनीतले राफेलकाका मुलीकडे इस्रायलला कायमचे गेले, तेव्हा त्यांनी जुन्या इंग्रजी व्यक्तिचित्रांचं एक जाडजूड पुस्तक त्याला दिलं आणि चहा घेत समजावूनही सांगितलं. पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडनात व्हॅन एकेन नावाचा एक कारागीर होता. नामांकित चित्रकार चेहरा रंगवायचे आणि चित्र त्याच्याकडे धाडायचे. रेशीम, लेस, कोट, सगळं तो चढवायचा. तो वारला तेव्हा होगार्थ नावाच्या चित्रकाराने त्याच्या अंत्ययात्रेचं व्यंगचित्र काढलं, त्यात शोकात बुडालेले होते ते चित्रकारच. पुढे मोठे नावाजलेले चित्रकार रेनॉल्ड्ससाहेबही कपडे दुसऱ्यांकडून करून घ्यायचे.

कुमारला फार बरं वाटलं. आपण लबाड नसून परंपरेतले आहोत, हे त्याला एवढी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. गेन्सबरो नावाचा एकजण कपडेसुद्धा बहुतेक स्वतःच रंगवायचा, असंही राफेलकाका म्हणाले होते. ती पानं कुमार सहसा उघडत नसे.

मार्गशीर्षात मासळीला गिऱ्हाईक कमी. अशाच एका दुपारी भामाकोळीण हातातली टोपली उंबऱ्याशी ठेवून आत आली आणि स्टुलावर बसली.

"माजा फोटू काड."

"मावशी, पण तुम्ही तर..." कुमारने शब्द शोधला. "आहात."

"हाय म्हनूनच आले. मेल्यावं तू मला कोनाचं धड लावशील, नेम नाय."

तिच्या नवऱ्याचं, गणूचं, चित्र आठ वर्षांपूर्वी कुमारनेच केलं होतं. त्यामुळे तो विषय न वाढवता त्याने डाव्या हातात रंगाची थाळी घेतली. जिवंत माणूस समोर बसवून रंगवायची त्याची पहिलीच वेळ. मेलेले हलत नाहीत ही केवढी सोय होती, ते त्याला आत्ता कळलं.

भामा त्याच्या थाळीकडे टक लावून बघत होती.

"तो हात इकडं कर."

त्याने केला. अंगठ्याच्या मुळाशी ठसठशीत तीळ होता.

"हा तील माज्या घरात हाय," भामा म्हणाली.

कुमारने थाळी खाली ठेवली. "नमुना लागतो ना, मावशी. रंगवतो उजव्याने, म्हणून समोर डावा धरायचो. दिसेल तसा काढायचा, प्रामाणिकपणे."

"सगल्यांना तुजाच?"

"बायकांना वरून बांगड्या."

बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं, की रोडपालीपासून तळोज्यापर्यंत कितीतरी भिंतींवर आपल्या डाव्या हाताला रोज उदबत्ती ओवाळली जाते. त्याला मनगट उगाच गार वाटलं.

"आठ वर्सं मी तुज्या हातावं फुलं व्हातेय, मेल्या!" भामा कडाडली. मग तिचा आवाज खाली आला. "त्यांचं ह्या हाताचं आंगठ्याजवलचं बोट अर्दं हुतं. होडीच्या दोरीत गेलं. बोट बगून माजी आय लगनाला नाय बोलली, मी हो बोलले. आनि तू ते पुरं करून ठेवलंस. म्हनून हार लांब घालते. हात झाकाय."

त्या लांब हाराला कुमार आजवर भक्ती समजत होता.

"दुरुस्त करतो. हाताचा फोटो आहे?"

"हाताचा फोटू कोन काडतं?"

दुसऱ्या दिवशी गणू फ्रेमसकट भामाच्या डोक्यावरच्या टोपलीत बसून दुकानात आला. त्याआधी कुमारने गेन्सबरोची पानं उघडून पाहिली होती. त्यातल्या बायका सुंदर होत्या, पण अर्ध्या बोटाबद्दल काही नव्हतं.

भामाने डावा हात पुढे केला आणि बोट मधल्या पेरात दुमडलं. "असं."

कुमारने जुना हात खरवडून नवा काढला.

"हा तुजाच. बोट चोरलेलं."

पुसून पुन्हा काढला.

"हा माजा."

तिसऱ्यांदा कुंचला उचलताना कुमारचा धीर सुटला. "मावशी, मला नाही जमणार. मला एकच हात येतो."

भामा उठली. दुमडल्या बोटानिशी तिने त्याचं मनगट करकचून धरलं. "खाडीच्या चिखलातून जाताना असे धरायचे. तीन बोटं नि आंगठा जोर करायचे, नि हे थोटकं नुसतं टेकायचं. टोकाचं कातडं गुलगुलीत."

कुमारने डोळे मिटले. तिने सोडल्यावर मनगटावर चार ठसे लाल झाले होते, पाचव्या जागी नुसता एक ठिपका. तो त्या ठिपक्याकडे बघत रंगवत गेला. तिसऱ्या हाताला भामाने आपलं दुमडलेलं बोट सरळ केलं. पदराने नाक पुसून तिने टोपली सावरली.

"आणि त्यांच्या अंगावरचा कोट पुसू का?"

"ऱ्हाऊ दे. लई हौस हुती त्यांना कोटाची."

मग तिचं स्वतःचं चित्र झालं. ती गप्प बसेना, म्हणून कुमारने तिला तिथेच सुरमई कापायला सांगितली. तोंड चालूच राहिलं, पण कोयत्यावरचे हात आपल्या जागी आले. दुकानाला आठवडाभर वास होता.

चित्र टांगायला गेला तेव्हा भामाने त्याला जेवायला थांबवलं. गणूचा हार आता आखूड होता, छातीवरच संपणारा. त्याच्या शेजारी भामा चढली. सून रंभाने भिंतीवरच्यांना सवयीने एकेक उदबत्ती लावली.

"रंभा, माजी इजव गो," ताटावर बसलेली भामा म्हणाली. "खोकला येतो." मग ती कुमारकडे वळली. त्याने डावा हात मांडीखाली दडवला होता.

"तो कशाला लपवतोस? ताट धर."