पाठमोरी

माणूस माती सोडून जातो, पण माती माणसाला सोडत नाही. आयर्लंडहून अमेरिकेला गेलेल्यांची आठवण म्हणून कारिगडूरच्या धक्क्यावर जो पुतळा आहे, त्याच्याखाली हे वाक्य कोरलेलं आहे. ते सात जणांच्या समितीनं चार बैठका घेऊन रचलं. सातांपैकी गाव सोडून कुणीच कधी गेलेलं नव्हतं, आणि अध्यक्षांना तर बोट लागते.

पुतळा ब्राँझचा. सतरा-अठराची मुलगी, अंगात लांब कोट, बाजूला ताणलेल्या उजव्या हातात पेटी. तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे. बारा वर्षं ती अशी उभी होती. मग नगरपालिकेच्या ध्यानात आलं, की पर्यटकांच्या फोटोत नुसती पाठच येते. शुक्रवारी मोठं प्रवासी जहाज लागणार होतं. म्हणून बुधवारी सकाळी क्रेन आली.

क्रेनच्या आधी डीलिया हॅनिफी आली होती. वय एकोणऐंशी. स्वयंपाकघरातली खुर्ची आणून ती पुतळ्याच्या पाठीमागे ठाण मांडून बसली होती.

"मिसेस हॅनिफी, जरा बाजूला होता का?" नगरसेवक फिनबार क्रोटी म्हणाला. "तिला फक्त वळवायचंय. कुठं नेत नाही."

"वळवायची कशाला?"

"चेहरा नको दिसायला? भावना चेहऱ्यावर असतात."

"आमची थोरली बहीण विनी इथूनच गेली. मी बारा वर्षांची होते. शिडी चढताना तिला हाका मारल्या, ती वळली नाही. वळली असती तर गेलीच नसती. पुढं पत्रं आली, कपड्यांची पार्सलं आली, शेवटी ती गेल्याचं तिच्या मुलाचं पत्र आलं. विनी काही आली नाही. चेहरा अमेरिकेनं बघितला, फिनबार. मागं राहिलेल्यांच्या वाट्याला पाठ आली. ती आमची आहे. ती मी कुणाच्या फोटोपायी सोडायची नाही."

"भावना पोचल्या," क्रोटी म्हणाला. "पण ठराव झालाय. हरकती मागवल्या होत्या. ग्रंथालयात सूचना लावली होती."

"ग्रंथालय तीन वर्षं बंद आहे."

"मग मला पोलिसाला बोलवावं लागेल."

"बोलव की. येताना माझी छत्री आण म्हणावं, परवा त्याच्या गाडीत राहिलीय."

क्रोटीनं क्रेनवाल्या मॉस गिअरीला खूण केली. त्यानं बोल्ट आधीच काढले होते, पट्टे आवळले होते. मुलगी वीतभर वर उचलली गेली आणि हळूहळू वळू लागली. डीलिया खुर्चीवरून हलली नाही.

"मॉस गिअरी!" ती कडाडली. "डावीकडून?"

मॉसचा हात जागच्या जागी थांबला. क्रेनवर येण्याआधी त्यानं वीस वर्षं मासेमारी केली होती. या बंदरातून बाहेर पडणारी बोट आधी सूर्याच्या चालीनं, उजवीकडून वळते. संताच्या विहिरीला प्रदक्षिणा तशीच घालतात, स्मशानात शवपेटीही तशीच फिरवतात. डावीकडून फिरतात ते फक्त कुणाला शाप द्यायला.

"मग उजवीकडून घे!" क्रोटी म्हणाला.

"उजवीकडून पेटी दिव्याच्या खांबावर आदळते. क्रेनची पोच एवढीच आहे."

"अरे बाबा, ही बोट नाही! पुतळा आहे!"

"मग तुम्हीच वळवा." मॉस खाली उतरला. "ती दांडी डावीकडं ओढायची. बास."

क्रोटी डब्लिनला अर्थशास्त्र शिकून आलेला. असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. तो तरातरा चढून दांडीपाशी बसला. समोर पाण्यात त्याची स्वतःची नवी बोट हेलकावे खात होती. थोडा वेळ त्यानं दांडी धरून ठेवली. मग तो उतरला आणि खांब हलवण्यासाठी वीज खात्याला फोन लावला.

खांबाचा अर्ज वेगळा. मुदत नऊ महिने.

मॉसनं मुलीला होती तशी परत वळवली, उजवीकडून, आणि जुन्याच बोल्टांवर टेकवली. डीलिया उठली, खुर्ची काखेत मारली.

"नऊ महिन्यांनी ये," ती क्रोटीला म्हणाली. "खुर्ची घरात तयारच आहे."

शुक्रवारी जहाज आलं. दोन हजार तीनशे प्रवासी उतरले आणि पलीकडच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बसगाड्यांमध्ये बसून थेट शहरातल्या दुकानांकडे गेले.