मागच्या भिंतीला चिकटलेला खोका

मी फ्रीज. बोलतो म्हणजे घुरघुरतो, आणि घुरघुरणाऱ्याचं कोणी ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. तरी सांगणार. शाळेची पायरी मी चढलो नाही, गोडगोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही. थंड आणि गरम एवढंच मला कळतं. पण तेवढं पक्कं कळतं.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते ऑकलंडमधल्या एका म्हातारीचं घर. ती माझ्यात मांजरांचं खाणं ठेवायची आणि स्वतः पाव खायची. ती गेल्यावर मला गाडीच्या शेडमध्ये ढकललं. तिथे माझ्यात बिअरशिवाय काही आलं नाही. रबरावर बुरशी चढली तरी कोणी फडकं लावलं नाही. माणसांना थंड प्यायला हवं असतं, पण थंड करणाऱ्याचं तोंड पुसायला नको असतं.

तिथून मला सेमिसीने घेतलं. टोंगाचा पोरगा, मटणाच्या कारखान्यात काम करणारा. त्याच्या बापाला साखर. बाप तिकडे टोंगातच, हापाई बेटावर. घरात फ्रीज नाही म्हणून बापाचं इन्सुलिन दवाखान्यात ठेवलेलं. रोज सकाळी फेलेटी, म्हणजे तो बाप, चालत दवाखान्यात जायचा, बाकावर बसायचा, टोचून घ्यायचा आणि परत यायचा. रस्त्यात बायका विचारायच्या, "काय फेलेटी, आज किती किलो साखर भरली?" चर्चमध्ये उभं राहून प्रार्थना सांगणारा माणूस तो. हसण्यावारी न्यायचा, पण घरी आला की जेवायचा नाही. मग एखाद्या दिवशी पावसाचं निमित्त करून जायचाच नाही. ते सेमिसीला कळलं आणि त्याने मला विकत घेतलं. म्हणजे मी डुकराच्या मांसासाठी आलो नव्हतो. हे ध्यानात ठेवा.

पाठवताना सेमिसीनेही सगळे करतात तेच केलं. माझ्या पोटात मांसाचे डबे, ब्लँकेटं, भाचरांची दप्तरं कोंबली, दोरीने आवळलं आणि कंटेनरात मला आडवा टाकला. मोठं जहाज, मग छोटं जहाज. सगळा प्रवास आडवा. माझ्या पोटातलं तेल नळ्यांमध्ये चढलं. माणसाचं पित्त चढतं तसंच समजा.

शुक्रवारी दुपारी धक्क्यावर उतरलो. घरी पोचतो न पोचतो तोच सेमिसीचा फोन. बहीण सिनाईने घेतला.

"सिने, आल्या आल्या लावलास ना, तर तिथे येऊन कान धरीन तुझा. उभा ठेव. उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही."

"अरे, सगळा गाव बघायला आलाय. दिवा तरी लागतो का ते बघू दे!"

"दिवा बघायचाय तर चर्चमध्ये जा. तेल खाली बसू दे त्याचं. आतून खायच्या सोड्याने पूस. भिंतीपासून हातभर पुढे ठेव, त्याला श्वास घेऊ दे. आणि लावलास की एक रात्र रिकामा चालव. रिकामा! गरम काही ठेवायचं नाही. बटण मधोमध."

पोरगी शहाणी. तिने मला असं पुसलं की बुरशीबरोबर शेडमधली वर्षंही निघून गेली. पुढचा पाय डगमगत होता, त्याखाली नारळाच्या लाकडाची चकती सरकवली. वर वाटीत पाणी ठेवून पाहिलं, कलत तर नाही ना. इतक्या मायेने मला पूर्वी कोणी उभं केलं नव्हतं. म्हटलं, इथे म्हातारपण बरं जाईल.

शनिवारी दुपारी मला लावलं. मी घरघरलो, हादरलो आणि चालू झालो. लोसाने, फेलेटीच्या बायकोने, टाळ्या वाजवल्या. ती सकाळीच दवाखान्यात जाऊन इन्सुलिनचा अख्खा खोका घेऊन आली होती. एक चालू बाटली आणि खोक्यात पुढचा साठा.

सिनाई म्हणाली, "आई, अगं मंगळवारपर्यंत तिथेच राहू द्यायचं होतं. हा अजून नीट गार झालेला नाही."

"आणि तुझ्या बाबांनी उद्या-परवा पुन्हा त्या बाकावर बसायचं? एक दिवसही नको. नर्सबाईने सांगितलंय, दारात नाहीतर मधल्या खणात ठेवा. गोठलं की फेकून द्या, ते मग नुसतं पाणी. मी काय बर्फात ठेवणारे का?"

चालू बाटली दारात ठेवली. खोका मधल्या खणात, पुढच्या काठाशी. बटण मधोमध. सगळं जागच्या जागी होतं.

आणि आत्या आली.

मेलेआने. फेलेटीची थोरली बहीण. आता तुमच्याकडेही आत्याचा मान असतो, पण इथल्या आत्याचा तोरा वेगळा. भावाच्या घरातली चटई, डुक्कर, पोरांच्या अंगावरचे कपडे, ज्याला हात लावील ते तिचं. नाही म्हणायची सोय नाही. आणि भाऊबहीण एका खोलीत बसत नाहीत. मान असतो तो. तिचा आवाज दारात आला तसा फेलेटी उठला आणि मागच्या दाराने नीरफणसाखाली जाऊन बसला.

तिच्या मागे दोन जावई, दोघांच्या डोक्यावर घमेली. भुईतल्या भट्टीतून काढलेलं डुक्कर, वाफ निघतेय. अळूच्या पानात बांधलेलं मांस. मासे.

"सोमवारी चर्चचे पाहुणे येताहेत बोटीने. माझा फ्रीज गळ्यापर्यंत भरलाय. उद्या रविवार, उद्या कोणी काडी हलवणार नाही. ठेवा रे आत!"

"आत्या," सिनाई म्हणाली, "आज रिकामा चालवायचाय. दादा म्हणालाय, गरम नाही..."

"तुझा दादा अजून माझ्या मांडीवर मुतत होता तेव्हापासून मी घरं चालवतेय. रिकामा चालवायला हा काय बैल आहे?"

लोसाने पोरीच्या कोपराला चिमटा काढला. "ठेवा ना, वन्सं. तुमचंच घर."

घमेली आत गेली. खोका मध्ये येत होता. आत्याने तो तळहाताने मागे सरकवला, थेट माझ्या मागच्या भिंतीला, जिथे माझी गारठवणारी पट्टी आहे. मग माझं बटण शेवटपर्यंत पिळलं. "माझं डुक्कर आंबलं तर तुमची खैर नाही," म्हणाली. त्या वाफेने माझ्या काचेला घाम फुटला. मी ओरडलो. माणसांना वाटलं, वा, चांगला चालतोय.

मला सांगितलं ते मी केलं. ती रात्र आणि सगळा रविवार मी थांबलो नाही. घरचे चर्चला गेले, जेवले, झोपले. डुक्कर गार झालं. मग मासे. आणि मग, बटण तसंच पिळलेलं असल्यामुळे, माझी मागची भिंत पांढरी व्हायला लागली. खोक्याचा पुठ्ठा तिला चिकटला. मला थांबता येत नाही. मला तोंड नाही. मला फक्त दार आहे, आणि ते दुसऱ्याने उघडायचं असतं.

सोमवारी दुपारी आत्या घमेली घेऊन गेली. लोसा आत पुसायला वाकली आणि खोका तिच्या हाताला येईना. ओढला तसा पुठ्ठा फाटला. बाटली काढली. हलवली. आत काही हललं नाही.

ती तशीच उभी राहिली, दार उघडं टाकून. मी गरम होत होतो तरी तिला भान नव्हतं. मग तिने बटण मधोमध आणलं, बाटल्या फडक्याने पुसल्या आणि दाराच्या खणात ओळीने लावल्या. संध्याकाळपर्यंत त्या विरघळल्या. पाण्यासारख्या स्वच्छ. बघून कोणाला काही कळलं नसतं.

ती का बोलली नाही, हे मी रोज तिच्या चेहऱ्यावर वाचलं. नर्सबाईला सांगायचं म्हणजे कसं गोठलं तेही सांगायचं. मग गावभर होणार, मेलेआनेने भावाचं औषध नासवलं. आणि फेलेटी आक्काविरुद्ध एक शब्द ऐकून घेणारा माणूस नाही. एकदा कोणी म्हणालं होतं की तिला गाता येत नाही, तर त्याने सहा महिने त्या माणसाशी बोलणं टाकलं. लोसाने मनाला समजावलं, दिसतंय तर चांगलं. थोडं तरी काम करीलच.

मला माहीत होतं, करणार नाही.

चालू बाटली संपली. फेलेटीने ओळीतली पहिली उचलली. रोज सकाळी माझं दार उघडायचा, टोचून घ्यायचा आणि म्हणायचा, "देवा, घरातल्या घरात. किती सोय केलीस!" मला आतून लाज वाटायची. हळूहळू त्याची तहान वाढली. दिवसातून कितीदा तरी पाण्याची बाटली न्यायला यायचा. अक्षर दिसेना, म्हणून प्रार्थना पाठ म्हणायला लागला. रीफवर, प्रवाळाच्या खडकांत, मासे धरताना पायाला कापलं होतं, ते भरेना. घरात वास यायला लागला. सिनाई सोड्याने मला पुन्हा पुन्हा पुसायची, तिला वाटायचं माझ्यात काही कुजलंय.

आणि एका दुपारी आत्या पुन्हा दारात. पुन्हा घमेलं.

"लोसा, खण रिकामा कर."

लोसा माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नाही, वन्सं."

आत्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"नाही म्हटलं. मागच्या वेळी तुमचं डुक्कर वाचलं आणि ह्यांचं औषध गोठलं. मी बघितलं. मी गप्प बसले. रोज पाणी टोचून घेताहेत ते. पाय बघा जाऊन. तुम्हाला बघता येत नाही, माहितीये. वास तरी येतो ना?"

आत्याने घमेलं जमिनीवर ठेवलं. फेलेटी भिंतीपलीकडे ओसरीवर पडून होता. सगळं ऐकू जात होतं. तिला त्याच्या समोर जाता येत नव्हतं, आणि असलं बोलणं तोंडावर करता येत नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. माझ्या दारावर थाप मारली आणि आवाज चढवला.

"ए फ्रीज! ऐक. तुझ्यात हात घातला तो माझा. माझ्या भावाला सांग, आज संध्याकाळच्या आत दवाखान्यात जायचं. बाकावर बसायचं. सगळ्यांनी बघितलं तर बघू दे."

पलीकडून खोकल्याचा आवाज. मग फेलेटीचा, अगदी बारीक. "लोसा, फ्रीजला सांग, आक्काचा काही दोष नाही."

"फ्रीज, त्याला सांग, दोष कोणाचा ते मी ठरवणार. मी थोरली आहे. तो उठला नाही ना, तर सगळा मान गुंडाळून ठेवते आणि येते त्या ओसरीवर. मग गाव काय म्हणायचं ते म्हणू दे!"

त्या धमकीने तो उठला. बहिणीची लाज जायला नको म्हणून. दवाखान्यात नर्सबाईने पाय उघडला आणि आधी विमानाला फोन केला. हे मला सिनाईच्या रडण्यावरून कळलं.

फेलेटी, लोसा आणि सिनाई राजधानीच्या इस्पितळात गेले. जाताना सिनाईने माझी वायर काढली, आतून पुसून कोरडा केला. बंद फ्रीजचं दार लावून ठेवायचं नसतं, बुरशी धरते. उघडं राहायला मध्ये काहीतरी हवं होतं. पोरीने घाईत फेलेटीची चप्पल उचलून घातली. डाव्या पायाची. त्या पायाला पट्टी होती, तो उजवीच घालून गेला.

आता मी उघडा उभा आहे. दिवा बंद, अंगात थंडावा नाही. आत्या रोज येते. तिच्या मनात आलं तर मला उचलून नेऊ शकते, तिचा हक्कच आहे. नेत नाही. चटईवर बसते, माझ्याकडे बघते, कालही म्हणाली, "काही कळलं का रे?" मला कुठून कळणार? पाय ठेवायचा की कापायचा ते डॉक्टर ठरवणार आहेत, एवढंच फोनवर आलंय.

मी कधी कोणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. कोणी मला थंड करू नका, कोणी भरू नका, इतक्यात तर नकोच. फक्त फेलेटीने घरी यावं, माझ्यासमोर उभं राहावं आणि आपली ती चप्पल मागावी.