आठ ट्रॅक्टर, नऊ ताईत

ताईत उघडला जात होता तेव्हा हजारभर माणसं श्वास रोखून उभी होती. पूस नदीच्या काठच्या त्या मोकळ्या रानात आठ ट्रॅक्टरांचा धुरळा अजून खाली बसला नव्हता. पण मशिनबाबानं हात वर केला आणि पोरांच्या पिपाण्यासुद्धा थांबल्या. जिंकलेल्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला चाळीस दिवस बांधलेला तांब्याचा ताईत बाबानं सदाशिवरावांच्या हाती दिला. सदाशिवराव म्हणजे पटाचे, म्हणजे शर्यतीचे, म्हातारे निशाणवाले. त्यांच्या निकालावर तालुक्यात कोणी ब्र काढत नसे. त्यांनी वरचं मेण खरवडलं, चिठ्ठी उलगडली आणि चष्मा सावरत वाचलं.

"भावसिंग जिंकेल."

आणि जिंकला होता भावसिंगच!

"चाळीस दिवसांआंधी लिवलं होतं, बाप्पा!" कोणीतरी ओरडलं, आणि माणसं बाबाच्या पायांवर अशी कोसळली की त्याची एक चप्पल शेवटपर्यंत सापडली नाही. सलग तिसरं वर्ष होतं हे. तीन वर्षांत तीन विजेते, आणि तिघांचीही नावं आधीच ताइतात.

बैलांचा शंकरपट मधली काही वर्षं बंद होता, तेव्हा महागावकडच्या पोरांनी ट्रॅक्टर पळवायला सुरुवात केली. पुढे बैल परत आले, पण ट्रॅक्टर थांबले नाहीत. तूर निघाली की हंगाम लागतो. आठ गावं, आठ ट्रॅक्टर, आठ ड्रायव्हर. आणि जिथं हारजीत आली तिथं बाबा यायला किती वेळ लागतो? हा बाबा कुठून आला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. कपाळाला ग्रीसचा टिळा, गळ्यात जुन्या बेअरिंगांची माळ. बोनेटला कान लावून तो डोळे मिटायचा. "तीन सिलिंडर म्हणजे तीन लोक! पिस्टन वर गेला तो प्राण, खाली आला तो अपान. सायलेन्सरमधून निघतो तो धूर नव्हे बच्चा, ते तुझं कर्म आहे!" समोरचा मेकॅनिकसुद्धा यावर मान डोलवायचा, हे विशेष.

त्या गर्दीत चार महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन ममता उभी होती. बादलची बायको, हिरापूर तांड्याची सून. बादल त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होता. शेवटची वीस पावलं उरली असताना त्याचं इंजिन दोनदा खोकललं आणि बंद पडलं. बाजूनं भावसिंग निघून गेला.

बादल बाबाकडे गेला तेव्हा ममता मागेच होती. बाबानं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"ताईत खोटा नसतो. तुझ्या घरात कोणीतरी पथ्य मोडलं. शोध. आणि हा ताईत आजच्या आज न उघडता नदीत सोड. हरलेलं नशीब घरात ठेवलं, उघडलं, तर घरातल्यांचे डोळे जातील."

बाबाची पथ्यं ऐकाल तर थक्क व्हाल. चाळीस दिवस घरात मटण नाही, अंडं नाही, भांडण नाही, ट्रॅक्टरजवळ शिंकायचं नाही, ओलं कापड त्याच्यावर टाकायचं नाही, पाळी आलेल्या बाईची सावली पडू द्यायची नाही. चाळीस दिवस हे सगळं पाळणारं घर पृथ्वीतलावर नसेल. त्यामुळे दोषी शोधायला गेलं की सापडायचाच.

बादलच्या घरात तो संध्याकाळच्या आत सापडला.

"लेकराच्या लंगोट्या कोणं वाळत टाकल्या होत्या बोनेटवर?" सासूनं, भुरीबाईनं, विचारलं.

"याडी, ऊन तिथंच होतं," ममता म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. ममता सासूलाही तेच म्हणायची.

झालं. एवढ्या एका वाक्यावर तिचा निकाल लागला. वर्षभर ती "लंगोटीवाली" झाली. हातपंपावर बाया तिला आधी पाणी भरू देत. मान म्हणून नव्हे, ती लवकर जावी म्हणून. लग्नाच्या हळदीत तिला मागं बसवलं. ट्रॅक्टर उभा असायचा त्या बाजूचं दार भुरीबाईनं आतून कडी घालून बंदच करून टाकलं. ममतानं परसातून जायचं, परसातूनच यायचं. आणि बादल? बादल तिच्याशी वाईट वागला नाही. तो गप्प बसला, एवढंच. पण त्या गप्प बसण्यानं तिला सगळ्यांत जास्त कोंडल्यासारखं व्हायचं.

पुन्हा तूर निघाली. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय उरला नाही.

"भावसिंग त्या जुन्या गाडीवर बसत नाही म्हणते यंदा. मालकासंगं बिनसलं त्याचं."

"मंग कोठी जाते? करंजवाडीले?"

"करंजवाडीले कपिल हाये ना बे! भावसिंग हिरापूरले येऊन राह्यला. लिहून घे माह्याकून."

"अन् बादल?"

"त्याच्या घरात तं लंगोट्या हायेत!"

सगळे हसले. टपरीवरचं हसू तांड्यात पोचायला अर्धा दिवसही लागला नाही. दुसऱ्या दिवशी तांड्याचे नायक पूनमसिंग स्वतः बादलच्या घरी आले आणि खाटेवर बसले.

"पाय बादल, गाडी तांड्याची हाये. लोकं भावसिंगचं नाव घेऊन राह्यले. पण तू आपला पोरगा. बाबा म्हणते, दोष धुतला तं तूच बस. सोमवारी ताईत वाटणार हाये. त्या वक्ती सूनबाईनं सगळ्यांसमोर कबुली द्यावी का चूक माही होती. बस, दोन शब्द."

"अन् नाही देल्ली तं?" आतून ममतानं विचारलं.

"तं भावसिंग बसते," नायक म्हणाले.

ममता भिंतीला पाठ लावून खाली बसली. कबुली दिली तर जन्मभराची दोषी. पुढच्या प्रत्येक हारीला, लेकराच्या प्रत्येक तापाला तीच जबाबदार. नाही दिली तर नवऱ्याच्या हातचं स्टिअरिंग तिनंच हिसकावलं असं होणार. दोन्ही बाजूंनी दार बंद होतं. तिला रडूही येईना. राग आला, आणि तो कोणावर काढावा हेही कळेना.

तिच्याजवळ एक गोष्ट होती जी कोणाला माहीत नव्हती. गेल्या वर्षी बादलनं ताईत नदीत सोडायला तिच्याकडेच दिला होता. वाटेत लेकराला उलटी झाली, ती माघारी फिरली, आणि पदराच्या गाठीतला ताईत तसाच राहिला. मग भीतीनं तिनं तो पेटीच्या तळाशी दडवला. त्या दुपारी तिनं पेटी उघडली. मेण नखानं काढलं. आत निळ्या शाईत लिहिलं होतं: "बादल जिंकेल."

म्हणजे जिंकणं नशिबात होतं, आणि आपणच ते घालवलं! वर्षभर जे लोक म्हणत होते त्यावर तिचा कधी विश्वास बसला नव्हता. त्या चिठ्ठीनं तो बसवला.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत लेकराचं वजन होतं. सेविका निशिगंधा करंजवाडीहून यायची. ती कपिलची बायको, म्हणजे करंजवाडीच्या ड्रायव्हरची. तिनं काट्यावरून लेकरू उचललं आणि ममताच्या तोंडाकडे पाहिलं.

"काहून वं, रडलीस का तू?"

ममतानं सगळं सांगून टाकलं, चिठ्ठीसकट. निशिगंधानं लेकरू खाली ठेवलं.

"आमच्या घरी सासूबाईंनी खाल्लं अंडं," ती हळूच म्हणाली. "बेबीताईंनी. अशक्तपणा होता, डॉक्टरनंच सांगतलं होतं. तवापासून ते माय कोणासंगं धड बोलत नाही. अन् आमचा ताईत पडला हाये देवघरात. आमच्या ह्यायले नदीवर जायाचा आळस!"

"उघडला नाही तुमी?"

"डोळे जाते म्हणते ना बाबा."

"माहे गेले का, ताई?" ममता म्हणाली.

निशिगंधानं दुसऱ्या दिवशी ताईत आणला. दोघींनी अंगणवाडीचं दार लोटून घेतलं आणि वजनकाट्याशेजारी बसून मेण काढलं. तीच निळी शाई, तेच वळण. "कपिल जिंकेल."

निशिगंधानं दोन्ही चिठ्ठ्या काट्यावर शेजारीशेजारी ठेवल्या.

"एका पटात किती जण जिंकते वो ताई?" ममतानं विचारलं, आणि वर्षभरात पहिल्यांदा ती मोठ्यानं हसली.

घरी येऊन तिनं बादलला दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या. त्यानं त्या उलटसुलट करून पाहिल्या, परत दिल्या, आणि नजर चुकवत म्हणाला, "नायक ऐकणार नाहीत ममता. देऊन टाक ना कबुली. दोन मिंटाचं काम." ती एकटी होती तशीच एकटी राहिली.

सोमवारी त्याच रानात तोबा गर्दी. आठ ट्रॅक्टर हार घालून ओळीत उभे. बाबानं प्रत्येक बोनेटला कान लावला, एकाला तर चुंबनही दिलं. सदाशिवराव ताइतांची भगवी थैली धरून शेजारी उभे होते. शेवटी बाबानं बोट केलं. "आण तिला पुढे! बोल बाई. यंत्रासमोर खोटं बोलू नकोस. यंत्राला सगळं ऐकू येतं."

ममताच्या कडेवर लेकरू, समोर हजार डोळे. भुरीबाईनं मागून ढकललं.

"चूक झाली माही," ती म्हणाली. गर्दीतून समाधानाचा हुंकार आला. "मी मागच्या सालचा ताईत नदीत सोडला नाही. मी तो उघडला. त्यात लिवलं हाये, बादल जिंकेल."

"म्हणजे जिंकणार होता, आणि तू घालवलंस!" बाबा गरजला.

"थांबा जरासं," गर्दीतून निशिगंधा पुढे आली आणि तिनं ममताच्या हातातली दुसरी चिठ्ठी उंच धरली. "हा आमचा. कपिल जिंकेल. अन् भावसिंगभाऊचा तुमी सगळ्यायनं ऐकलाच होता. मंग सांगा बाबा, पट एक अन् जिंकणारे तीन कसे?"

कुजबुज सुरू झाली. बाबा कसलेला होता. "कारस्थान! चिठ्ठ्या यांनी घरी लिहिल्या!"

"मंग यंदाचे उघडा," ममता म्हणाली. तिनं थैलीकडे बोट केलं. "ते तं तुमीच लिवले ना?"

"आंधळे व्हाल सगळे! तीन लोकांचा कोप..."

"मी दर साली उघडतो," सदाशिवराव शांतपणे म्हणाले. "चष्म्याचा नंबर बी नाही वाढला माहा." आणि त्यांनी थैली ट्रॅक्टरच्या बोनेटवर पालथी केली. त्यांनी ताईत मोजले. मग परत मोजले. "बाबा, ट्रॅक्टर आठ अन् ताईत नऊ कसे?"

सदाशिवराव एकेक चिठ्ठी उलगडून वाचू लागले. कपिल जिंकेल. रामराव जिंकेल. शाम जिंकेल. प्रत्येक गावाच्या ड्रायव्हरचं नाव, प्रत्येक जण विजेता! आणि शेवटी दोन ताईत हिरापूरचे. एकात, "बादल जिंकेल." दुसऱ्यात, "भावसिंग जिंकेल."

ज्याच्याशी इंजिनं बोलत होती त्या बाबाला हिरापूरच्या गाडीवर कोण बसणार हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तोही टपरीवरच्या गप्पांवरच चालला होता, म्हणून त्यानं दोन्ही लिहून ठेवले. आधी कोणीतरी एक पोट्टा फिदकन हसला, मग हसू रानभर पसरलं.

करामत एवढीच होती. आठ जणांना आठ विजय लिहून द्यायचे. एक जिंकणारच, त्याचा चारचौघांत उघडायचा. उरलेल्या सातांचे नदीच्या तळाशी. आणि सातांनी एकमेकांना विचारू नये म्हणून प्रत्येक घरात एक दोषी नेमून द्यायचा, म्हणजे घर लाजेनं तोंड उघडत नाही. तीन वर्षांत एकवीस पराभव, एकवीस दोषी! त्यातल्या बहुतेक बाया.

बाबानं शेवटचा पत्ता टाकला. "मग सांगा, त्याचं इंजिन ऐन वेळी का थांबलं? दोष नव्हता तर का थांबलं?"

हसू थांबलं. सगळे पुन्हा ममताकडे पाहू लागले. ममतानं मात्र बादलकडे पाहिलं.

"मागच्या पटाच्या दुसऱ्या दिवशी तुमी डिझेल पंपातला एअर काढला होता," ती म्हणाली. "पाना मीच धरला होता. सांगा ना तुमीच."

बादलची मान खाली गेली. सावकाश, शब्द गिळत तो बोलला. "गाडी हलकी व्हावी म्हणून डिझेल कमी टाकलं होतं म्या. शेवटी उतार लागला, डिझेल एका अंगाले गेलं, पाइपानं हवा ओढली. इंजिन बंद पडलं." मग तो म्हणाला, "मले त्याच दिवशी मालूम होतं."

भुरीबाईनं तोंडावर पदर घेतला. ममताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाबाचा तिला राग होताच, पण बाबा परका होता. हा माणूस रोज तिच्या हातची भाकर खात होता.

"काहून नाही बोललात?"

"बाबानं दुसऱ्यावर टाकलं अन् मी सुटलो," बादल म्हणाला.

हे वाक्य नीट ऐका. बाबांचं दुकान चमत्कारावर चालत नाही, या सुटकेवर चालतं. आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून देणारा कोणी भेटला की आपण त्याला देव म्हणतो. म्हणून एवढं करा: चिठ्ठी मिळाली तर उघडा, शेजाऱ्यालाही त्याची उघडायला सांगा, आणि यंत्र बंद पडलं तर घरातली बाई नव्हे, यंत्र तपासा.

बाबा कधी सटकला ते कळलंच नाही. या वेळी दोन्ही चपला मागं राहिल्या. पूनमसिंग नायक खाकरले. "मंग आता गाडीवर बसवाचं कोणाले?"

ममतानं लेकरू बादलच्या हातात दिलं आणि डोळे पुसले. तांड्याकडे निघताना ती परसाकडे जाणाऱ्या मागच्या वाटेला वळली नाही. सरळ ट्रॅक्टरांच्या ओळीतून, हिरापूरच्या गाडीच्या बोनेटला हात लावत ती चालू लागली.

"बसवा कोणालेबी," ती म्हणाली. "पण टाकी भरून ठेवा."