शिवेच्या दगडावर केझाया

वाडग्याच्या बुडाशी चमचा खर्रकन घासला, तेव्हा टॅमसिन भानावर आली. ओटची पेज कधीच संपली होती. केझाया रिकामा वाडगाच खरवडत बसली होती.

"इकडे ये. हात वर कर."

पोरीच्या अंगात एक परकर होताच. टॅमसिननं त्यावर दुसरा चढवला आणि मग स्वतःचा जुना, कमरेशी दुमडून, तिसरा.

"एवढे कशाला गं आई? उकडतंय."

"आज शिवेची फेरी यायचीय. तुला दगडावर आपटतील, ते लागायला नको."

"आणि लागलं तर? रडायचं नाही ना?"

टॅमसिनचे हात गाठीशीच थांबले. "रड. चांगलं भोकाड पसर. सगळ्यांच्या लक्षात राहायला हवं."

वेदरकोम आणि पेनिकॉट या दोन गावांची शीव टॅमसिनच्या स्वयंपाकघरातून जात होती. दरवर्षी मे महिन्यात वेदरकोमची माणसं छड्या घेऊन शीव चालायला निघत. मागच्या दारानं तिच्या घरात शिरत, फरशीतल्या क्रूस कोरलेल्या दगडाशी थांबत आणि समोरच्या खिडकीतून पलीकडे उतरत. दगडाशी थांबले की गावातल्या एका पोराला उचलून त्याचं बूड दगडावर आपटायचं. शीव कुठे आहे हे ते पोर जन्मभर विसरत नाही. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या एमस आजोबांना आपटलं होतं ते त्यांच्या लहानपणी. आता त्यांना काठीशिवाय उभं राहता येत नव्हतं, पण दुखलेली जागा अजून हात लावून दाखवत.

केझायाला बाप होता, पण तो नाव देऊन गेला नव्हता. असं पोर जिथे जन्मलं त्या गावाचं. सात वर्षांचं होईपर्यंत आईनं सांभाळायचं, मग त्याच्या गावानं न्यायचं आणि कुणाच्या तरी घरी कामाला ठेवायचं. टॅमसिन वेदरकोमची. तिची खाटही दगडाच्या वेदरकोमकडच्या अंगाला होती. पण तिला कळा सुरू झाल्याचं कळताच गरिबांना पोसायचा खर्च बघणारा वेदरकोमचा कारभारी ग्रिबल दोन गडी घेऊन आला आणि ती खाटेवर विव्हळत असतानाच खाट दगडापलीकडे ढकलून गेला. पोर पेनिकॉटच्या हद्दीत जन्मावं, वेदरकोमच्या गळ्यात आणखी एक तोंड नको म्हणून. एकटी सुईण खरं बोलली असती, ती आता चर्चच्या आवारात मातीखाली होती. आणि केझायाला परवाच सात पूर्ण झाली होती.

आज सगळ्यांदेखत हिला गावचं पोर म्हणून आपटलं, तर उद्या ती गावची नाही असं कोण म्हणेल? मग कामाला ठेवली तरी वेदरकोममध्येच, डोळ्यांसमोर राहील. टॅमसिनला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

फेरी आली ती हसत-खिदळतच. चिखलाचे बूट, छड्या, पोरांचा गलका, गोड पावांची टोपली, पुढे ग्रिबल आणि मागे काठी टेकत एमस आजोबा.

"टॅमसिन, तुझ्या चुलीपाशी आलं की शिवेलाही भूक लागते बघ!" रूबेन सुतार म्हणाला.

टॅमसिन हसली नाही. तिनं केझायाला दगडाजवळ उभं केलं. "या वर्षी हिला आपटा."

"पोरीला?" कुणीतरी फिसकन हसलं.

"गेल्या साली रूबेनची आपटलीत ती काय पोरगा होती?"

"ती गावची होती," ग्रिबल म्हणाला.

"ही पण गावचीच आहे. कारभारी, तुमच्या पाया पडते. आपटा हिला. जोरात आपटा!"

आपल्या लेकराला आपटा म्हणून कुणी आई अशी हात जोडून उभी राहिलेली फेरीतल्या माणसांनी पाहिली नव्हती. रूबेननं ग्रिबलकडे पाहिलं. ग्रिबलनं खांदे उडवले.

"आपट की. एवढी विनवतेय बिचारी."

रूबेननं खांदे धरले, दुसऱ्यानं पाय धरले. एक, दोन, तीन! तीन परकरांत गुंडाळलेली केझाया धप्पकन दगडावर बसली. क्षणभर ती आईकडे बघत राहिली, मग आठवण झाल्यासारखं तोंड उघडून तिनं असा सूर लावला की सगळा घोळका हसत सुटला. टॅमसिनही हसली. तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं.

"एमस आजोबा," ग्रिबल गोड आवाजात म्हणाला, "फेरीच्या वाटेत परकं माणूस आडवं आलं, तर त्याचं काय करायची रीत आहे हो?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. "का विचारतोस, ग्रिबल?"

"सांगा ना. तुमच्याएवढी रीत कुणाला ठाऊक आहे?"

"त्यालाही..." एमसनं टोपी काढून हातात घेतली. "त्यालाही आपटतात."

"ऐकलंत सगळ्यांनी? पेनिकॉटची एक परकी पोर आमच्या शिवेवर सापडली, तिला रीतीप्रमाणे आपटलं. एवढी माणसं साक्षीला आहेत. परक्याला आपटलं की तो फेरीला बियर पाजतो, पण ती माफ करू आपण."

"रूबेन!" टॅमसिन ओरडली. "तू सांग ना! तूच उचललंस तिला! कशासाठी उचललंस ते सांग!"

रूबेन छडीची साल काढत राहिला. "मी काय सांगणार, टॅमसिन. कारभाऱ्यांनी सांगितलं, मी उचललं."

पावांची टोपली फिरली. गावच्या पोरांनी एकेक पाव उचलला. केझायानंही हात पुढे केला. टोपली तिच्या हातापुढून पुढे गेली, आणि हात तसाच राहिला.

"उद्या पेनिकॉटहून गाडी येईल," खिडकीत पाय टाकता टाकता ग्रिबल म्हणाला. "तिथल्या गिरणीवाल्याच्या बायकोला बदकं राखायला पोर हवीय. खायला घालते म्हणतात."

एकामागून एक सगळे खिडकीतून उतरले. एमस आजोबांना दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. टॅमसिन दगडावर बसली. पोरीला मांडीवर घेऊन ती परकरांच्या गाठी सोडू लागली, पण बोटांना गाठ सापडेना.

"मी नीट रडले ना गं?"

"नीट रडलीस, राणी. फार छान रडलीस."

केझाया स्वतःच गाठ ओढू लागली.

"आई, त्या गिरणीवाल्या बाईला मी काय म्हणून हाक मारू?"